वहीतली ओळ वाकडी का झाली?

मैत्रिणींनो, आपल्या घरात मूल 'डोकं दुखतंय' म्हणालं की आपण काय करतो? आधी कपाळावर हात ठेवून ताप बघतो. ताप नसला तर म्हणतो, उन्हात हुंदडला असशील, डबा न खाता परत आणला असशील, आणि तो मोबाईल ठेव आधी खाली! मग सुंठ उगाळून लावतो, नाहीतर बाम चोळतो आणि आपल्या कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. मी स्वतः दोन मुलांची आई आहे, त्यामुळे उगाच कुणाला घाबरवायला मी हे लिहायला बसलेली नाही. पण एखाद्या वेळी तेवढ्यावर भागत नाही. अशाच एका वेळेची ही हकिगत आहे, आणि तीत माझीही चूक आहे.

मी घर सांभाळून सकाळच्या शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते. अर्धवेळच. दोन वर्षांपूर्वी सहावीत एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, पण तिच्या आईला विचारूनच हे सगळं लिहिते आहे. पोर गुणी आणि अक्षर मोत्यासारखं. शुद्धलेखनाची वही तपासताना मी तिची वही मुद्दाम शेवटी ठेवायची, तेवढाच डोळ्यांना विसावा. आठव्या वर्षी तिची किडनी बदललेली होती आणि आईनंच आपली किडनी दिली होती, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला खेळाच्या तासाला जपायचं, तिची पाण्याची बाटली वेगळी, एवढं आम्ही पाळत होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं अक्षर बिघडलं. ओळी खाली घसरायला लागल्या, काना एकीकडे तर मात्रा दुसरीकडे. वाचताना मान एका बाजूला कलती करून वाचायची. मला वाटलं, सुट्टीत लाडावलीय. मी लाल शाईनं शेरा मारला, 'अक्षर सुधारा', आणि तोच उतारा तीनदा लिहायला लावला. पोरीनं काही न बोलता लिहिला, वाकड्या ओळींतच.

महिनाभरानं प्रार्थनेच्या वेळी तिला उलटी झाली. आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, ''रोज सकाळचंच होतंय हो बाई. उठल्या उठल्या डोकं धरून बसते, एकदा उलटी झाली की मोकळी होते, दुपारी छान खेळते. पित्तच असणार, मी कोकमाचं सरबत देतेय.'' मीही मान डोलावली. किडनी पोटात आणि दुखणं डोक्यात, दोन्हींचा काही संबंध असेल हे तिच्या आईच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.

ते आलं आमच्या शिपाई मावशींच्या मुळे. त्या चवथी शिकलेल्या. पोरीचं तोंड धुऊन देताना मला म्हणाल्या, ''बाई, हिचा डावा डोळा आत वळल्यावाणी दिसतोय. आधी असा नव्हता.'' मी बघितलं तर खरंच! दोन महिने रोज समोर बसणाऱ्या मुलीकडे मी तिच्या वहीतूनच बघत होते.

त्याच संध्याकाळी आईनं किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी 'सकाळी बघू' असं म्हटलं नाही. 'आत्ता निघा' म्हणाले. पुण्याला नेल्यावर डोक्याचा एमआरआय झाला आणि मेंदूत गाठ दिसली. कवटीला लहानसं छिद्र पाडून गाठीचा तुकडा काढला आणि तपासला, तेव्हा निष्पन्न झालं ते असं की, ही गाठ एका विषाणूच्या संगनमतानं झालेली आहे.

विषाणूनं सर्दी होते, गोवर होतो, कावीळ होते, हे आपल्याला माहीत असतं. पण मेंदूत गाठ? मला तर ते ऐकून विश्वासच बसला नाही. मग मी त्याच्या पाठीच लागले. त्या डॉक्टरांना विचारलं, माझा एक आतेभाऊ मुलांचा डॉक्टर आहे त्याला विचारलं, मिळेल ते वाचलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

हा पाहुणा तुमच्या-आमच्या घरातलाच

या विषाणूचं नाव एपस्टाइन-बार. डॉक्टर मंडळी थोडक्यात ईबीव्ही म्हणतात. नाव परकं वाटलं तरी हा आपल्याला परका नाही बरं का! जगातल्या शंभर मोठ्या माणसांपैकी नव्वदांहून अधिकांच्या अंगात तो आहे. म्हणजे बहुधा माझ्याही आणि तुमच्याही. तो पसरतो मुख्यतः लाळेतून. एका पेल्यानं पाणी पिणं, उष्टा घास भरवणं, बाळाचा मुका घेणं, एवढं त्याला पुरतं. आपल्याकडे तर बहुतेक मुलांना तो शाळेत जायच्या आधीच गाठतो. तेव्हा होतं काय? बहुधा काहीच नाही, नाहीतर दोन दिवस बारीक ताप, घसा लाल. आपण म्हणतो हवा बदललीय, आणि विसरतो. मोठ्या वयात पहिल्यांदा झाला तर मात्र ताप, घसादुखी, मानेत गाठी आणि महिनाभर गळून जाणं असा आजार होतो.

एकदा शिरलेला हा पाहुणा पुन्हा कधीच जात नाही. रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, ज्यांना बी पेशी म्हणतात त्यांत, तो जन्मभर मुक्काम ठोकतो. कांजिण्यांचा विषाणू जसा अंगात दबून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन वर येतो, त्याच कुळातला हा.

याच्या शोधाची गोष्ट मोठी वाचनीय आहे. युगांडात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठी त्यांनी पाहिल्या आणि १९५८ साली त्यावर लेख लिहिला. १९६१ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण संशोधक बसले होते. त्यांच्या मनानं घेतलं की या गाठींमागे विषाणू असणार. मग कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला यायला लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं आणि तुकडा उशिरा पोचला. बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. वाटलं, नासला, टाकून द्यावा. पण एपस्टाइननी थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो गढूळपणा जंतूंचा नव्हता, गाठीतून सुटून आलेल्या जिवंत पेशींचा होता! त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. माणसातल्या कर्करोगाशी संबंध असलेला हा पहिला विषाणू. एपस्टाइनांबरोबर या शोधात दोघं होती, त्रिनिदादचे बर्ट आचाँग आणि इव्होन बार ही आयरिश तरुणी. विषाणूच्या नावातलं 'बार' ते तिचं. पुढे लग्न करून ती ऑस्ट्रेलियात गेली, तिथे मनासारखं संशोधनाचं काम मिळालं नाही, तेव्हा शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागली. वाचलं तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नकोच!

पहारेकरी झोपले की

आता तुम्ही विचाराल, हा विषाणू जर सगळ्यांच्याच अंगात आहे, तर सगळ्यांनाच गाठी का होत नाहीत? बरोबर आहे. याचं कारण आपल्या रक्तातले पहारेकरी. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रात्रंदिवस गस्त घालतात आणि विषाणूनं बिघडवलेली पेशी दिसली की तिचा निकाल लावतात. चोर घरात आहे, पण पहारा जागा आहे, म्हणून काही चालत नाही त्याचं.

काही मुलांत हा पहारा कमजोर असतो. कुणाची किडनी, लिव्हर, हृदय किंवा अस्थिमज्जा बदललेली असते. शरीरानं तो परका अवयव नाकारू नये म्हणून औषधं देऊन पहारेकऱ्यांना मुद्दाम गुंगीत ठेवावं लागतं. कुणाला जन्मतःच प्रतिकारशक्तीचा दोष असतो. कुणाला आईकडून एचआयव्हीची लागण झालेली असते आणि उपचार वेळेवर सुरू झालेले नसतात. अशा मुलांत ईबीव्हीनं पछाडलेल्या पेशी मोकाट वाढू शकतात. बहुधा त्या मानेतल्या, पोटातल्या गाठी होऊन दिसतात. क्वचित, फारच क्वचित, मेंदूत.

मेंदूतल्या या गाठी मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक, त्या बी पेशींचाच कर्करोग, त्याला लिम्फोमा म्हणतात. आमच्या मुलीला झाला तो हाच. दुसरी तऱ्हा आणखी दुर्मीळ. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत एक तऱ्हेचा स्नायू असतो, त्याच्या पेशींची गाठ. एचआयव्ही झालेल्या आणि अवयव बदललेल्या मुलांत अशा स्नायूंच्या गाठींमागे ईबीव्हीच असतो, हे १९९५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्या यकृतात, फुफ्फुसात होतात, तशा कधी मेंदूवरच्या आवरणालाही लागून होतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या बहुतेक गाठींचा या विषाणूशी काहीएक संबंध नसतो. आणि ज्याची प्रतिकारशक्ती ठीक आहे अशा मुलाच्या आईनं ईबीव्हीच्या नावानं एक रात्रही जागून काढायची गरज नाही. त्याची रक्ततपासणी करून घ्यायला धावू नका. ती 'आहे' अशीच येणार, आणि त्यातून कळणार काहीच नाही.

आपल्या देशात आणखी एक घोटाळा होतो. मेंदूच्या फोटोत गाठ दिसली की ती क्षयाचीही असू शकते, पोटातल्या जंताच्या अळीचीही असू शकते. त्या आपल्याकडे पुष्कळ दिसतात. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूनंही तसाच फोटो येतो. म्हणून नुसत्या फोटोवर भागत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासतात, आणि जमेल तिथे गाठीचा तुकडा काढून त्यात विषाणूच्या खुणा आहेत का ते पाहतात. 'मेंदूला सुई नको' म्हणून घरची माणसं अडून बसतात, ते समजू शकतं. पण गाठ कसली ते कळल्याशिवाय औषध कसलं द्यायचं?

''माझ्याच किडनीतून गेलं का हो?''

मुलीला मुंबईला कॅन्सरच्या रुग्णालयात हलवलं. एका रविवारी मी भेटायला गेले. बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती. डबा उघडलेला, पण घास घेतलेला नाही. मला बघितलं आणि एकदम म्हणाली, ''बाई, किडनी बदलायच्या आधी तिच्या रक्तात हा विषाणू नव्हता. कागदावर लिहिलंय. माझ्या रक्तात होता. म्हणजे माझ्याच किडनीतून गेलं का हो तिच्यात?''

मला काय बोलावं सुचेना. मी फक्त तिच्याजवळ बसले. नंतर डॉक्टर फेरीला आले, तेव्हा तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी ते टाळलं नाही, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, ''ताई, शक्य आहे. ज्या मुलाच्या अंगात हा विषाणू नाही त्याला तो असलेल्या माणसाचा अवयव मिळाला, की धोका जास्त असतो, हे आम्हाला माहीत आहे. पण तिच्या वडिलांनी किडनी दिली असती तरी बहुधा हेच. रस्त्यावरून दहा मोठी माणसं बोलावून आणा, नऊ जणांत हा सापडेल. हा नसलेला दाता शोधत बसलो असतो तर मुलगी डायलिसिसवरच राहिली असती. आणि शाळेत मैत्रिणींच्या तोंडून, एका बाटलीतून, कधीतरी तो तिला गाठणारच होता. तुम्ही तिला तीन वर्षं शाळेत जायला दिलीत, तेही हिशेबात धरा.''

आई रडली. पण त्या दिवशी जेवली.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला. आपल्याकडे मूल आजारी पडलं की आधी आईकडे बोट जातं. काय खाऊ घातलंस, काय बघितलं नाहीस, डोहाळ्यांत काय केलंस. दुसऱ्यांचं सोडा, आपलं आपणच स्वतःकडे बोट करतो. या आजारात दोष कुणाचाच नाही. विषाणू दिसत नाही, थांबवता येत नाही, त्याच्यावर लसही अजून आलेली नाही. संशोधन चालू आहे. आपल्या हाती आहे ते एकच, वेळेवर ओळखणं.

कोणत्या खुणा बघायच्या?

पुढच्या खुणा कोणत्याही मुलात दिसल्या आणि टिकल्या तर डॉक्टरांकडे न्यायचं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलात मात्र 'टिकतात का बघू' असं म्हणायचंच नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

१. सकाळी उठल्याबरोबर दुखणारं डोकं, किंवा दुखण्यानं झोपेतून जाग येणं.

२. सकाळच्या उलट्या. उलटी झाल्यावर बरं वाटतं आणि दिवसभर मूल ठीक दिसतं, यानंच आपण फसतो.

३. नव्यानं आलेला तिरळेपणा, एकाचे दोन दिसणं, मान कलती धरणं.

४. चालताना झोक जाणं, जिन्यावर अडखळणं, हातातून वस्तू पडणं, अक्षर बिघडणं.

५. झटका येणं. एकदाच आला तरी.

६. स्वभाव बदलणं. बडबडं मूल गप्प होणं, शांत मूल चिडकं होणं, अभ्यासात एकदम मागे पडणं, दिवसा सारखं झोपणं.

७. अवयव बदललेल्या मुलाला न उतरणारा ताप, वजन घटणं, मानेत, काखेत किंवा जांघेत गाठी.

इंग्लंडमध्ये २०११ साली 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम काढून अशा खुणांची छोटी कार्डं आईबाप, शाळा आणि डॉक्टर यांच्यापर्यंत पोचवली, आणि मुलांच्या मेंदूतल्या गाठीचं निदान पूर्वीपेक्षा लवकर व्हायला लागलं. त्यात यंत्र नवं नव्हतं की औषध नवं नव्हतं. बघणाऱ्यांना काय बघायचं ते कळलं, एवढंच. आमच्या शाळेत अशी यादी कुणी लावली असती, तर मी लाल शाईचा शेरा मारण्याआधी थांबले असते.

उपचार आहेत का?

आहेत. पण सोपे नाहीत. किडनी बदललेल्या मुलात पहिली पायरी म्हणजे पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणारी औषधं कमी करणं, म्हणजे पहारा पुन्हा जागा होतो. मात्र पहारा जागा झाला की तो नव्या किडनीवरही उठतो! त्यामुळे हे दोरीवरून चालण्याचं काम डॉक्टरांनीच करायचं. घरी आपल्या मनानं एक गोळीसुद्धा कमी-जास्त करायची नाही.

पुढची पायरी म्हणजे बी पेशींवर नेमका मारा करणारं रिटुक्सिमॅब हे सलाईनमधून द्यायचं औषध, आणि जोडीला कर्करोगाची औषधं. काही वेळा किरणांचा उपचार. स्नायूच्या गाठी असतील तर शस्त्रक्रियेनं काढतात आणि काही जणांची औषधं बदलून सिरोलिमस नावाचं औषध देतात. एचआयव्ही असलेल्या मुलात त्या आजारावरची औषधं नेमानं चालू करणं हाच उपचाराचा पाया.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. दुसऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातले, ईबीव्हीला ओळखणारे पहारेकरी तयार करून रोग्याला द्यायचे. किडनीसारखा अवयव बदलल्यावर होणाऱ्या अशा आजारासाठी, पहिल्या औषधांचा गुण आला नाही तर वापरायला, युरोपात २०२२ च्या डिसेंबरात या तऱ्हेच्या एका उपचाराला परवानगी मिळाली. दोन वर्षांवरच्या मुलांनाही तो देता येतो. उसने पहारेकरी आणायची ही कल्पना मला तरी फार गोड वाटली.

खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे आधी जा. सरकारी योजना, धर्मादाय खाटा, ट्रस्टची मदत, यांची माहिती तिथे मिळते. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने सगळे कागद बरोबर ठेवा. लाज बाळगू नका.

घरात काय सांभाळायचं?

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्या मैत्रिणींसाठी काही घरगुती गोष्टी:

• औषधाची वेळ म्हणजे वेळ. ठरलेल्या दोन वेळा मोबाईलवर गजर लावून ठेवा. लग्नकार्य असो की प्रवास, औषधाची पिशवी आपल्या हातात, सामानात नाही.

• पपनस आणि ग्रेपफ्रूट घरात आणू नका. त्यांनी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरीन अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. गणपतीत प्रसादाच्या फोडी कुणी प्रेमानं हातावर ठेवतं, तेव्हा ध्यानात ठेवा.

• प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे नकोत. शेजारपाजारच्या बायका प्रेमापोटी गुळवेल, अमुक चूर्ण, तमुक रस सुचवतात. या मुलांत प्रतिकारशक्ती औषधानं मुद्दाम कमी ठेवलेली असते, ती काढ्यानं डिवचायची नसते. शिवाय गुळवेलीनं यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.

• घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या डोकेदुखीवर देऊ नका. लिम्फोमाची गाठ त्यांनी काही दिवस आटते आणि निदान चुकतं.

• लशी. जिवंत जंतूंच्या लशी, म्हणजे गोवर, कांजिण्या वगैरे, शक्यतो अवयव बदलण्याआधीच उरकून घेतात. नंतर सहसा देत नाहीत. घरातल्या बाकीच्यांच्या लशी पूर्ण हव्यात. पण भावंडांना पोलिओचे थेंब द्यायच्या आधी त्या मुलाच्या डॉक्टरांना विचारा.

• पाणी उकळलेलं, फळं धुऊन सोललेली, उघड्यावरचं खाणं बंद. उष्टं-खरकटं टाळा, पण त्याचा बाऊ करून मुलाला एकटं पाडू नका. आईचा मुका बंद करायचं काही कारण नाही.

• एक जाड फाईल करा. तारखेनुसार सगळे रिपोर्ट. पहिल्या पानावर औषधांची नावं, मात्रा आणि डॉक्टरांचे फोन. किडनीच्या मुलांची ईबीव्हीची रक्ततपासणी अधूनमधून करतात, ती चुकवू नका. मात्र ती ठीक आली तरी वरच्या खुणांकडे डोळेझाक नको.

• वर्गशिक्षिकेला भेटा. 'माझ्या मुलीत असं असं दिसलं तर मला त्याच दिवशी फोन करा,' असं सांगून तिच्याकडे चिठ्ठी देऊन ठेवा. आम्ही बाया दिवसाचे पाच तास तुमच्या मुलांसमोर असतो.

आणि एक गोष्ट हळू आवाजात बोलली जाते ती मी मोठ्यानं लिहिते. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला नाही म्हणू नका, सासूबाई काय म्हणतील म्हणून तर नाहीच. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ असते, नीट उपचार घेतले तर ती पाचाच्या आत येते. आपल्या देशात २००४ सालापासून ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. लागण झालेल्या मुलालाही ती लवकर मिळाली तर त्याचे पहारेकरी सावरतात, आणि मग या गाठींपर्यंत गोष्ट जाण्याची भीती फार कमी होते.

आज ती मुलगी

तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगते. सात-आठ महिने ती मुंबईलाच होती. केस गेले, पुन्हा आले, पूर्वीपेक्षा कुरळे. गाठ औषधांनी विरली. किडनीला मात्र त्या धामधुमीत थोडा धक्का बसला. ती चालते आहे, पण पूर्वीइतकी नाही, आणि पुढे काय याचं उत्तर डॉक्टर 'बघत राहू' असंच देतात. ठरावीक महिन्यांनी डोक्याचा फोटो काढावा लागतो. तो दिवस जवळ आला की तिची आई आठवडाभर आधीपासून कुणाशी धड बोलत नाही. डोळा बराचसा सरळ झाला, चष्मा लागला. वर्ष बुडालं, त्यामुळे आता ती धाकट्या मुलींबरोबर सातवीत बसते.

परत आली त्या दिवशी मी तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, ''मी तुला उगाच रागावले होते गं.'' तर म्हणाली, ''बाई, तेव्हा मला दोन-दोन ओळी दिसत होत्या. कुठल्या ओळीवर लिहायचं तेच कळायचं नाही.''

''मग सांगितलं का नाहीस?''

''मला वाटलं सगळ्यांना तसंच दिसतं.''

मैत्रिणींनो, मुलं सांगत नाहीत ती अशी. त्यांना वाटतं सगळ्यांना तसंच दिसतं. म्हणून आज एक काम करा. वरची सात खुणांची यादी कापून घ्या, किंवा कागदावर उतरवा, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, जिथे दुधाचा हिशेब आणि गॅसचा नंबर लावता तिथेच. एक प्रत मुलांच्या शाळेत द्या. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत ती आता लागली आहे. शिपाई मावशींनीच लावली.